दमा : रोजचे औषध, रोजची दक्षता

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘तमक श्वासा’चे वर्णन आजच्या दम्याशी इतके जुळते की वाचताना नवल वाटावे. घशात घरघर होते, आडवे झाल्यास त्रास वाढतो, उठून बसल्यावर आराम पडतो, उष्ण पदार्थ हवेसे वाटतात. आणि आभाळ भरून आले, पाऊस लागला, गारठा पडला किंवा पूर्वेचा वारा सुटला की व्याधी बळावते. या रोगाला ग्रंथकारांनी ‘याप्य’ म्हटले आहे. नुकताच उद्भवलेला असेल तर तो कदाचित साध्य होईल, एरवी मात्र तो मुळापासून निघत नाही. पण उपचार अखंड चालू ठेवल्यास माणसाला नीट जगू देतो, असा याप्य या शब्दाचा अर्थ. आधुनिक वैद्यकाची भूमिका याहून फारशी वेगळी नाही. दमा बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही, परंतु दम्यावर ताबा मिळवून देणारी उत्तम औषधे आहेत आणि ती दीर्घकाळ, नियमाने घ्यावी लागतात. आपल्याकडे घोळ होतो तो नेमका या ‘नियमाने’ शब्दापाशी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी लोकांना दमा होता आणि त्या वर्षी साडेचार लाखांहून अधिक माणसे दम्याने दगावली. भारतातील दमेकऱ्यांची संख्या साडेतीन कोटींच्या आसपास धरली जाते. जगातील रुग्णांपैकी आपल्या वाट्याला साधारण १३ टक्के येतात. मृत्यूंमधील वाटा मात्र ४० टक्क्यांच्या वर आहे. रोग तोच, औषधेही तीच, आणि तीही बहुतांश आपल्याच देशात तयार होणारी. तरीही ही तफावत का, हे समजून घेतल्याखेरीज दम्यासह जगण्याची रीत सांगता येत नाही.

श्वासनलिकेत काय घडते

दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना आतून सतत सौम्य सूज असते. त्रास नसतो तेव्हाही ती असते. सुजलेली नलिका चिडखोर होते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचा विषाणू, उग्र वास अशा कारणाने तिच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट स्राव साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक जड जाते, त्यातून शिट्टीसारखा आवाज येतो. काहींना धाप लागतच नाही, केवळ रात्री दोन-तीनच्या सुमारास कोरडा खोकला येऊन झोपमोड होते. असा खोकला महिनोन्‌महिने ‘ॲलर्जीचा खोकला’ म्हणून अंगावर काढला जातो.

निदानासाठी स्पायरोमेट्री ही फुंकर मारण्याची साधी चाचणी आहे. नलिका रुंद करणारे औषध दिल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढले, तर प्रौढांत दम्याच्या निदानास बळकटी मिळते. चाचणीच्या दिवशी त्रास नसेल तर निकाल सामान्य येऊ शकतो, म्हणून एका चाचणीवरून ‘दमा नाही’ असा निर्वाळा देऊ नये. उलट, वर्षानुवर्षे दम्याची औषधे घेणाऱ्या अनेकांनी ही चाचणी एकदाही केलेली नसते. हृदयाच्या दुबळेपणाने किंवा विडी-सिगारेटने जीर्ण झालेल्या फुप्फुसांमुळेही धाप लागते. त्या रोगांची वाट वेगळी.

दोन प्रकारची औषधे

दम्याची औषधे मुख्यतः दोन कामे करतात. साल्ब्युटॅमॉलसारखी औषधे आवळलेले स्नायू सैल करतात. चार-पाच मिनिटांत मोकळे वाटू लागते, परंतु सूज तशीच राहते. ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन ही श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइड औषधे सूज उतरवतात. त्यांचा प्रभाव दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि घेतल्याक्षणी काहीच जाणवत नाही. माणसाचा स्वभाव असा की जे तत्काळ सुख देते त्यावर त्याचा विश्वास बसतो. म्हणून तत्काळ आराम देणारा पंप खिशात राहतो, आणि ज्याने रोग आटोक्यात यायचा तो पंप कपाटात. दम्यामुळे होणाऱ्या अनेक टाळता येण्याजोग्या मृत्यूंच्या मुळाशी ही एवढीशी गोष्ट आहे.

या धोक्याची दखल घेऊन दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक मंडळाने, म्हणजे ‘जिना’ने, २०१९ साली आपला जुना सल्ला बदलला. केवळ साल्ब्युटॅमॉलवर दम्याचा उपचार करू नये, प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना सौम्य दम्यातही श्वासावाटे स्टेरॉइड मिळालेच पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले. त्यातूनच ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित पंप पुढे आला. फॉर्मोटेरॉल लवकर काम करते आणि परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे रोजच्या औषधासाठी व आयत्या वेळी आरामासाठी हा एकच पंप वापरता येतो. प्रत्येक वेळी आरामाबरोबर सूज उतरवणारे औषधही पोटात नव्हे, थेट फुप्फुसात जाते. आपल्यासाठी ही पद्धत योग्य आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

‘स्टेरॉइड’ या शब्दाची धास्ती मात्र जात नाही. येथे थोडा हिशेब मांडणे इष्ट. ब्युडेसोनाइडचा २०० मायक्रोग्रॅमचा डोस दिवसातून दोनदा घेतला तर एकूण ४०० मायक्रोग्रॅम होतात. दम्याचा झटका आल्यावर देण्यात येणारी प्रेडनिसोलोनची ४० मिलिग्रॅमची मात्रा म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, वजनाने शंभरपट. औषधे भिन्न असल्याने हा तंतोतंत ताळा नव्हे, पण प्रमाणाची कल्पना यावी. पंपाला घाबरून तो बंद करायचा, मग झटका येऊन गोळ्या व इंजेक्शने घ्यायची, यात स्टेरॉइड टळत नाही; उलट कितीतरी अधिक शरीरात जाते. गावोगावी मिळणाऱ्या, घटक न सांगता दिल्या जाणाऱ्या ‘दम्याच्या पुड्यां’नी दोन दिवसांत चमत्कार घडला, तर त्यात हेच औषध मोठ्या मात्रेत असण्याची शंका घ्यावी.

पंपाचे तोटे नाहीतच, असे नाही. तोंडात बुरशीचा पांढरा थर येणे, आवाज बसणे हे नेहमीचे. औषध घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकले की ते बहुतांशी टळते. लहान मुलांची उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी राहू शकते, असे दीर्घ अभ्यासांत आढळले आहे. पण ताब्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो, शाळा बुडवतो आणि मुलाला खेळापासून तोडतो. ‘पंपाची सवय लागते’ हा समज मात्र निराधार आहे. चष्म्याची सवय लागते असे आपण म्हणत नाही.

पंप वापरण्याची रीत

योग्य औषध चुकीच्या रीतीने घेणारे रुग्ण इतके आढळतात की प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर पंप वापरून दाखवावा, हा सल्ला औषधाइतकाच मोलाचा ठरतो. फवाऱ्याचा पंप आधी हलवावा. श्वास पूर्ण बाहेर सोडावा, ओठ घट्ट मिटून संथ व खोल श्वास घेण्यास आरंभ करतानाच कळ दाबावी आणि दहा सेकंद श्वास रोखावा. दुसरा फवारा हवा असल्यास अर्धा मिनिट थांबून पुन्हा तेच. कळ व श्वास यांचा मेळ जमणे अनेकांना अवघड जाते. मग औषध जिभेवर आणि टाळूवर आपटते व तिथेच राहते. यासाठी स्पेसर नावाची प्लास्टिकची पोकळ नळी मिळते. फवारा तीत सोडून सावकाश श्वास घेता येतो. मुले आणि वृद्ध यांनी तर स्पेसरशिवाय फवारा वापरूच नये. तरुणांना ती बाळगण्याची लाज वाटते, परंतु घरी सकाळ-संध्याकाळच्या डोससाठी कोण पाहायला येणार?

रोटाहेलरसारख्या कोरड्या पावडरीच्या उपकरणाची रीत याच्या उलट आहे. तेथे श्वास जोरात व झटक्यात ओढावा लागतो, कारण पावडर उडवण्याचे काम आपला श्वासच करतो. उपकरणात फुंकर मारू नये. ओलाव्याने पावडर चिकटते. किनारपट्टीवरील पावसाळ्यात हे विशेष ध्यानात ठेवावे. कॅप्सूलची बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नये, झाकण घट्ट लावावे आणि कॅप्सूल वापरायच्या क्षणीच बाहेर काढावी. फवाऱ्याचा डबा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये. डोस मोजणारा आकडा नसेल तर पंप सुरू केल्याची तारीख वरच लिहून ठेवावी. २०० फवाऱ्यांचा पंप रोज चार फवाऱ्यांनी ५० दिवस पुरतो. त्यानंतर त्यातून निघते ती बहुधा नुसती हवा.

किनारपट्टीतील घर

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंतींना ओल येते, कपाटातील कपड्यांना कुबट वास सुटतो, चामड्याच्या चपलांवर हिरवट बुरा धरतो. ही बुरशी दम्याची वैरीण. तिच्या जोडीला डोळ्यांना न दिसणारे धुळीतील कीटक असतात. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्यांचे अन्न आणि गाद्या-उशा हे त्यांचे घर. हवेत ओलावा भरपूर असला की ते फोफावतात. समुद्राची हवा दमेकऱ्याला मानवते, ही समजूत सरसकट खरी नाही, ती याच कारणाने.

उपाय खर्चिक असण्याची गरज नाही. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या कडकडीत पाण्यात धुवावेत. पाऊस उघडून ऊन पडले की गाद्या बाहेर काढाव्यात. पूर्वीच्या घरांतील ही रीत शास्त्राला धरून होती. शयनगृहात जाड पडदे, गालिचे, कापसाची खेळणी, जुन्या वृत्तपत्रांचे गठ्ठे नसावेत. केरसुणीने धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि ते काम शक्यतो रुग्णाने करू नये. कौले सरकून पाणी झिरपत असेल तर भिंतीला रंग देण्याआधी ती गळती बंद करावी. रंगाखाली बुरशी तशीच वाढत राहते. झुरळांची विष्ठाही दमा भडकवते, म्हणून रात्री खरकटी भांडी मोरीत पडू देऊ नयेत. वातानुकूलन यंत्र असल्यास त्याची जाळी दर महिन्याला धुवावी. मांजर पलंगावर झोपत असेल तर निर्णय घरच्यांनी घ्यायचा. तो सोपा नसतो, हे मान्य.

सण, धूर आणि धंदा

चवथीच्या आधी घराघरात साफसफाई आणि रंगरंगोटी होते. माळ्यावरचे सामान उतरवले जाते, वर्षभराची धूळ एका दिवसात उडते आणि त्यातच ताज्या रंगाचा वास. त्यानंतर पाच-सात दिवस धूप, उदबत्त्या, कापूर आणि फटाके. दिवाळीच्या पहाटे नरकासुराचे दहन, शिगम्यात गुलाल. दमेकऱ्याने सणापासून दूर बसावे असे मुळीच नाही. मात्र साफसफाईच्या दिवशी नाका-तोंडावर मास्क हवा, धूप देवघरात थोडाच व खिडकी उघडी ठेवून हवा, आणि रोजचा पंप सणाच्या गडबडीत एकदाही चुकता कामा नये. ज्यांना दरवर्षी याच दिवसांत त्रास होतो त्यांनी दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून मात्रा वाढवावी का, हे विचारून घ्यावे. डासांच्या अगरबत्तीला मच्छरदाणी हा जुना आणि सरस पर्याय आहे. उन्हाळ्यात काजूच्या बागा साफ करताना जाळला जाणारा पातेरा, न्हाणीघराच्या चुलीचा धूर आणि घरातील दुसऱ्या कोणाची सिगारेट, हे सारे एकाच माळेतले मणी.

व्यवसायातून होणाऱ्या दम्याकडे आपले फार दुर्लक्ष आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यात पीठ हाताळणाऱ्यांच्या श्वासविकारांची नोंद आहे. गोव्यातील पोदेराच्या भट्टीत आजही मैद्याची तीच धूळ उडते. सुतारकाम, मोटारीला रंगाचा फवारा मारणे, केशकर्तनालयातील रसायने, खनिजवाहू ट्रकांच्या मार्गावरील धूळ, बंदरातील कोळशाची हाताळणी यांचाही विचार करावा. रविवारी व रजेत बरे वाटते आणि कामावर रुजू झाल्यावर पुन्हा धाप लागते, अशी लय दिसली तर ती डॉक्टरांना मुद्दाम सांगावी. वेळीच ओळखलेला असा दमा कारण दूर केल्याने खरोखर मागे हटू शकतो. वर्षे गेली की ती संधीही जाते.

आहाराचे समज

केळे, दही, ताक, पेरू, भात, सोलकढी अशी निषिद्ध पदार्थांची यादी दमेकऱ्याला नातेवाईकांकडून फुकट मिळते. एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जी असणारे रुग्ण असतात, पण ते थोडे. एखादी गोष्ट खाल्ल्यावर दर खेपेस त्रास होत असेल तर ती टाळावी. केवळ ‘थंड’ म्हणून मुलाचे दूध-फळे तोडू नयेत. खारवलेल्या व टिकवलेल्या पदार्थांतील सल्फाइट आणि वाइन यांनी काहींना त्रास होतो. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होणाऱ्यांना आम्लपित्त वर येऊन खोकला सुटतो. जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवल्याने निम्मी तक्रार मिटलेले लोक आढळतात. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्क्यांनी उतरले तरी श्वास सुधारतो.

हैदराबादेत दरवर्षी मृगाच्या मुहूर्तावर जिवंत मासळीच्या तोंडात औषध भरून ती गिळायला देतात आणि त्यासाठी देशभरातून लोक येतात. त्याचा उपयोग होतो याचा कोणताही शास्त्रीय पुरावा नाही. श्रद्धेने जाणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांच्याकडून एवढेच वचन घ्यावे की पंप बंद करणार नाही. प्राणायाम आणि योगासने यांबाबतही तेच. त्यांनी श्वासाची लय सुधारते, घबराट कमी होते, काहींचे दैनंदिन जीवन सुसह्य होते. नलिकेची सूज मात्र उतरत नाही.

डोकेदुखीसाठी स्वतःच गोळी घेण्याची सवय दमेकऱ्याने सोडावी. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी काही रुग्णांना, विशेषतः नाकात मांसवृद्धी असलेल्यांना, तासा-दोन तासांत जीवघेणा झटका येऊ शकतो. रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉल हे थेंबसुद्धा धोक्याचे. नेत्रतज्ज्ञाला दम्याविषयी सांगायचे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ताबा आहे की नाही

गेल्या चार आठवड्यांबद्दल स्वतःला चार प्रश्न विचारावेत. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा त्रास झाला का? दम्याने रात्री जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला का? दम्यामुळे एखादे काम सोडावे लागले का? चारही उत्तरे ‘नाही’ असली तर ताबा चांगला. एक-दोन ‘हो’ असतील तर अपुरा, त्याहून अधिक असतील तर ताबा नाहीच. पुष्कळ रुग्ण जिना सावकाश चढायला शिकतात, फुगडी-लेझीम सोडतात, बाजाराची पिशवी दुसऱ्याकडे देतात आणि ‘आता बरे आहे’ म्हणतात. ते बरे असणे नव्हे, आयुष्य आखडून घेणे होय. वर्षाला साल्ब्युटॅमॉलचे तीन किंवा अधिक पंप संपत असतील तर पुढील झटक्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे. बारा संपत असतील तर मृत्यूचाही.

पीक फ्लो मीटर हे फुंकर मोजणारे छोटे उपकरण घरी ठेवता येते. बरे असतानाचा आपला सर्वोत्तम आकडा ४०० असेल तर ३२०च्या वर सुरक्षित, ३२० ते २०० या पट्ट्यात सावध, २००च्या खाली तातडीची वेळ. झटका येण्याच्या एक-दोन दिवस आधीच आकडा घसरू लागतो, हा याचा खरा लाभ. कोणत्या आकड्याला काय करायचे, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा.

झटका आला तर

रुग्णाला आडवे करू नये. ताठ बसवावे, कपडे सैल करावेत. साल्ब्युटॅमॉलचे चार फवारे स्पेसरमधून एकेक करून द्यावेत, प्रत्येक फवाऱ्यानंतर नळीतून चार श्वास घेऊ द्यावेत. चार मिनिटे थांबावे. सुधारणा नसेल तर पुन्हा चार. ऑस्ट्रेलियात प्रथमोपचार म्हणून हीच ‘चार-चार-चार’ची रीत शिकवतात. तरीही फरक नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत फवारे याच क्रमाने देत राहावे. ज्यांना फॉर्मोटेरॉलचा एकत्रित पंप दिलेला आहे त्यांनी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मर्यादेत तोच वापरावा.

एका दमात पूर्ण वाक्य बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, गळ्याचे स्नायू ओढले जाणे, गुंगी येणे ही गंभीर लक्षणे होत. यांपैकी एकही दिसल्यास फवाऱ्यांच्या परिणामाची वाट न पाहता आधी १०८ला फोन करावा. आणखी एक लक्षण फसवे आहे : छातीतील शिट्टीचा आवाज एकाएकी थांबणे. घरच्यांना वाटते आराम पडला. प्रत्यक्षात हवा जाणेच बंद होत आलेले असते. ऑक्सिमीटरवरील ९५चा आकडा पाहूनही निर्धास्त राहू नये, तो शेवटी घसरतो. झटका ओसरून घरी आल्यावर आठवडाभरात पुन्हा तपासणी हवीच, कारण त्यानंतरचे काही आठवडे दुसऱ्या झटक्याचे असू शकतात.

शाळा, लग्न, गर्भारपण

मुलाला दमा असल्यास वर्गशिक्षकांकडे नावाचा पंप, स्पेसर आणि एक सूचनापत्र देऊन ठेवावे. खेळाच्या तासाला त्याला बाकावर बसवू नये. दहा मिनिटे हळूहळू अंग गरम करणे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास आधी पंप घेणे, एवढ्याने बहुतेक मुले धावू व पोहू शकतात. पावसाळा तोंडावर असताना इन्फ्लुएन्झाची लस घेतलेली बरी.

मुलीच्या दम्याची वाच्यता होऊ नये म्हणून विवाहाच्या बोलणीच्या काळात पंप लपवला जातो आणि सासरी गेल्यावर तो बंदच पडतो. पहिला मोठा झटका मग बाळंतपणाच्या सुमारास येतो. गर्भावस्थेत ‘बाळाला बाधेल’ म्हणून औषध थांबवणे ही तर सर्वाधिक घातक समजूत आहे. आईला श्वास कमी पडला तर गर्भाला प्राणवायू कमी पडतो. त्यातून कमी वजनाचे वा अपुऱ्या दिवसांचे मूल जन्माला येण्याची भीती असते. ब्युडेसोनाइड आणि साल्ब्युटॅमॉल यांचा गर्भावस्थेतील अनुभव दीर्घ आहे आणि ती चालू ठेवण्याचाच सल्ला दिला जातो. स्तनपान करतानाही ती घेता येतात. ही दोन्ही औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या सूचीत आहेत. सरकारी आरोग्य केंद्रात त्यांची चौकशी करावी आणि मिळाली नाहीत तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी नोंदवावी.